उगमाचा रकाना

नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये, म्हणतात.
कादवेच्या काठावरच्या आमच्या पेपर मिलमध्ये
तपासणीला आलेल्या बाईंनी
पहिल्याच चहाला खोक्याचं मूळ विचारलं.

पाच किलोचं खोकं, वर द्राक्षांचा घड छापलेला.
ते जाणार साता समुद्रापार,
आणि तिकडच्या दुकानदाराला म्हणे
आतल्या थॉमसनइतकीच
बाहेरच्या पुठ्ठ्याची काळजी.

मी निरगुडे, स्टोअरकीपर.
एकवीस वर्षं तीच रजिस्टरं:
तारीख, गाडी नंबर, वजन, ओलावा,
आणि शेवटी बोटभर रुंदीचा रकाना – उगम.

बोटभर जागेत काय काय मावतं!
रद्दी, नाशिक, सराफ बाजार. रद्दी, सातपूर.
ओझरच्या कुठल्याशा शाळेच्या उत्तरपत्रिका,
पडलेल्या उमेदवाराची हसरी पत्रकं, दोन टन,
मोडलेल्या लग्नाच्या न वाटलेल्या पत्रिका.
येणूबाई पट्ट्याशी उभी राहून
या सगळ्यांच्या टाचण्या काढते.
तिला अक्षर येत नाही, कागद येतो.
चुरगाळून, कानाशी नेऊन सांगते:
हा पहिल्या खेपेचा, हा तिसऱ्या,
ह्याच्यात आता जीव नाही, ह्याला नवा धागा लागंल.

दर खेपेला धागा तुटतो, आखूड होतो,
म्हणून थोडा नवा मिसळावाच लागतो.
त्या साली दिवाळीनंतर
रात्रीच्या तीन गाड्या आल्या पेठच्या बाजूनं.
हिरवा बांबू, बुंध्यातून पाणी गळतंय.
ठेकेदाराच्या चिठ्ठीवर होतं: शेतबांध.
मी लिहिलं: शेतबांध.
अक्षर चांगलं आहे माझं.

सकाळी सकरू भोये बॉयलरवर जाता जाता
एका पेऱ्यापाशी थांबला.
"ह्यो बांधावरचा नाही, साहेब.
आमच्या देवाच्या रानातला. तिथं आम्ही
काठीसुद्धा विचारून तोडतो."
कुणाला विचारून?
तो हसला नाही.
"बांबूला," म्हणाला,
आणि भट्टी पेटवायला गेला.

बाई पानं उलटत त्याच पानावर आल्या.
"शेतबांध म्हणजे कोणाचा बांध? गट नंबर?"

त्र्यंबकला मी लहानपणी पाहिलंय:
ब्रह्मगिरीवर नुसता थेंब, मग नाहीसा,
गंगाद्वाराशी पुन्हा दिसतो, पुन्हा गुडूप,
आणि कुशावर्तात एकदम तीर्थ.
आमचा बांबूही तसाच आला होता.
रानात होता, चिठ्ठीत बुडाला,
माझ्या रजिस्टरात पवित्र होऊन वर आला.

पांढरी शाई लावायला बंदी आहे,
म्हणून एक रेघ मारली, खालचं वाचता येईल अशी,
आणि शेजारी लिहिलं:
माहीत नाही. विचारलं नाही.
सही. तारीख.

मालक आठ दिवस बोलले नाहीत.
चाळीस हजार खोकी गोडाऊनला पडून राहिली.
त्या सालची द्राक्षं
दुसऱ्याच कुणाच्या पुठ्ठ्यात बसून बोटीवर गेली.
बायकोनं विचारलं, एवढं खरं लिहायची घाई काय होती?
मला उत्तर आलं नाही. अजून आलेलं नाही.

आता गाडी आली की आधी सकरूला हाक मारतो.
तो पेरं हातात फिरवतो, वास घेतो,
गावाचं नाव सांगतो, कधी डोंगराचं,
कधी नुसती मान हलवतो
आणि ड्रायव्हर शिव्या देत गाडी वळवतो.
रकाना तेवढाच आहे, बोटभर.
उरलेलं मी समासात लिहितो.

परवा येणूबाईनं विचारलं,
हे तुमचं रजिस्टर भरलं की कुठं जातं हो?
म्हटलं, जाईल कुठं?
वर्षं सरली की तुझ्याच पट्ट्यावर.

"मग त्याला टाचण्या कमी मारा," म्हणाली.