एक भोक जास्तीचं

साखर पेठेत मे महिन्यात दुपारी दोनला
तारेवर कावळासुद्धा बसत नाही.
मी बसते. कॅनव्हाससमोर.
लाइट गेलेली,
आणि इथं लाइट गेली की आख्खा बोळ बहिरा होतो,
शंभर-दीडशे माग एका दमात गप्प,
मग कुणाच्या तरी घरातली बादली ऐकू येते,
कुणाचं तरी कन्नडमधलं भांडण.

कॉलेजात सर म्हणायचे, आत बघ.
बघितलं.
आत एक पंखा होता, तोही बंद.

मग बाहेर बघितलं. सिद्धेश्वरच्या तळ्याकाठी
ओळीनं अकरा संध्याकाळी.
देऊळ पाण्यात उलटं दिसत होतं.
ते सगळ्यांनाच दिसतं,
भेळ खाणाऱ्यांनाही.

घरी आले की अम्मा विड्या वळता वळता,
मान वर न करता,
"दोरिकिंदा?"
सापडलं का, म्हणून.
जशी काही माझी चप्पल हरवलीय.

मल्लेशम येमूलकडे गेले ते खरं तर पुठ्ठ्यांसाठी.
कॅनव्हास परवडत नाही, आणि त्यांच्या माळ्यावर
जुन्या नक्ष्यांची कार्डं पडलीत गठ्ठ्यागठ्ठ्यानं,
भोकं पाडलेली, दोऱ्यानं ओवलेली,
उंदरांनी कडा कुरतडलेली.
कधीकाळी आलेखाच्या कागदावर
चौकोन चौकोन भरून मोर काढायचे ते.
आता डोळ्यांत मोतीबिंदू.

"ह्यो गठ्ठा नको नेऊ," म्हणाले, "ह्यात चूक हाय.
एक भोक जास्ती पडलं.
मोराच्या गळ्यात लाल ठिपका आला,
सगळ्या चादरींत, त्याच जागी.
मालकानं चाळीस नग तोंडावर मारले की माझ्या."
पगारातून कापले?
"कापले. मग एक मीच ठिवली."

पलंगावरची चादर ओढून दाखवली.
बावीस वर्षं धुतलेली. मोर पार विरलेले.
मी चष्मा पुसून शोधला ठिपका,
सुलट बाजूनं शोधला, उलटून शोधला,
जिथं लाल पांढरं होतं आणि पांढरं लाल.
नाही दिसला.
त्यांनी न बघता बोट ठेवलं.
"हितं."
मग थोडं थांबून,
"बाकी समदं मालकानं सांगितलेलं."

निघताना त्यांनी हातात
भोकं पाडायचा पंच दिला, गंजलेला.
चहा राहूनच गेला.

घरी कॅनव्हास तसाच, दारात,
पांढरा, अकराशे रुपयांचा.
मी पंच टेकवला आणि वरवंट्यानं एक ठोका घातला.
मधोमध नाही. डावीकडे, जरा खाली.
का तिथं, ते विचारू नका.

डोळा लावला.
पलीकडे ओसरीवर अम्माचं सूप,
सुपात तंबाखू, पानं, कात्री,
आणि फक्त तिची बोटं, बाकी अम्मा नाही,
पान गुंडाळणारी, टोक मुडपणारी,
दोऱ्याचा वेढा देऊन तोडणारी,
पुन्हा पान.
चौतीस वर्षांत ही बोटं
मी इतकी एकटी कधी पाहिली नव्हती.

मान अवघडली तरी बघत राहिले.
मध्येच लाइट आली,
बोळभर माग खडखडायला लागले,
पंखा फिरला, कॅनव्हास थरथरला.
अम्मा काहीतरी म्हणाली असावी.
ऐकू आलं नाही.