गाळलेली पदं

सुरुवातीला एकोणीस समीकरणं होती.
झडपेचं एक, तिच्या कॉइलचं एक,
तेल दाबलं जातं त्याचं एक
– शाळेत सांगतात जात नाही; जातं, जरासं –
दट्ट्याच्या दोन्ही अंगांचे दाब,
सीलमधून झिरपणारी गळती,
आणि लोखंडाला लोखंड घासतं त्याचं एक,
जे कुणालाच नीट लिहिता येत नाही.

मी एकेक खोडत गेले.
हे डोळ्याचं पातं लवायच्या आत विझतं, काढा.
हे फार बारीक, काढा.
मेथी निवडावी तसं.
शेवटी हातात एक ओळ राहिली:
आज्ञा पुढे जाते, शेपटीवरचं पातं मागून जातं,
जितकं अंतर उरलंय तितक्याच ओढीनं.
एक आकडा, पन्नास मिलिसेकंद.
आणि दोन कुंपणं: याहून जोरात पळायचं नाही,
याहून पुढे जायचं नाही.

रंगनाथ निरभवणे, टेस्ट बेंचवर तेहतीस वर्षं.
चष्मा कपाळावर ढकलून त्यांनी माझा आलेख पाहिला.
"छान आहे. गुळगुळीत आहे.
आमचा असा उठत नाय."
कसा उठतो मग?
"सकाळी या. सहाला."

डिसेंबर. निफाडकडे पारा पाच.
द्राक्षबागांत रात्रभर पेटवलेल्या शेकोट्यांचा धूर
ओझरच्या रस्त्यावर आडवा पडलेला.
धावपट्टी कुठे आहे ते नुसतं माहीत होतं.

त्यांनी हातमोजा काढला,
शेडमध्ये गारठलेल्या सिलिंडरवर तळहात टेकला,
पोराचा ताप बघतात तसा.
"द्या आता."
मी एक अंश मागितला.

काही नाही.

मग एक हिसका, आणि पातं निघालं,
दोनदा नाव पुकारल्यावर
मागच्या बाकावरून कुणी 'हजर' म्हणावं तसं.
"बघितलं? आधी रुसतो."

रुसवा मी मोजला: सत्तर मिलिसेकंद.
दुसऱ्या खेपेला चाळीस.
तेल ऊब धरत गेलं, पाचव्या खेपेला तो
माझ्या ओळीवर असा बसला
की जणू तिच्याच मापानं शिवलाय.
मला बरं वाटलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, ते एक बरं.

दुपारी बैठक. हे पद घालायचं का?
घातलं तर गणित जड होतं, सिम्युलेटर अडखळतो.
उड्डाणाआधी तेल तापवतातच. नको.
बरोबरच ठरलं. नकोच्या बाजूनं माझाही हात होता.

अहवालात, गृहीतकं, क्रमांक आठ:
'तेल ऊबदार आहे असे मानले आहे.'
या सहा शब्दांखाली एक धुरकट सकाळ आहे,
स्टीलच्या डब्यातली अर्धी बाजरीची भाकर,
आणि एक तळहात
ज्याची वायर कुठल्याच यंत्राला जात नाही.

मार्चमध्ये ते निवृत्त झाले. गेटपाशी म्हणाले,
"पिंपळगावला या एकदा, बाग दाखवतो."

येते म्हणायला मला वेळ लागला.
किती, ते मोजलं नाही.
तोवर त्यांची मोपेड
वळणाला लागली होती.