पाठकोरे

रात्री पावणेदहा.
सकाळी सातला शिरोलीहून टेम्पो येणार,
चाळीस फ्लँजचं चलन तीन प्रतींत पाहिजे,
आणि प्रिंटर म्हणतोय, ऑफलाइन.

प्रिंटर खाली, भाऊजींकडं.
राउटर वर, आमच्यात.
उद्यमनगरातला गाळा दोघांत एक, लेथ दोघांत एक,
वाय-फायचं बिल निम्मं निम्मं,
बोलणं दसऱ्यापासून बंद.
दीड महिना मी राजारामपुरीत जाऊन
पाच रुपयांना एक पान काढून आणते.
आता ते दुकान बंद.

हे म्हणाले, "मोळकरांच्या पोराला बोलव सकाळी."
सकाळी, म्हणजे टेम्पो गेल्यावर.
म्हटलं, झोपा तुम्ही.

आधी सोपं ते बघायचं म्हणतात. केबल, कागद, दिवा.
ते सगळं खाली.
जिन्यावरनं वाकले तर त्यांच्या दाराच्या फटीतून
हिरवा ठिपका दिसला. म्हणजे जिवंत आहे.
मग माझ्याकडचं. नेटवर्क 'पब्लिक' होतं,
ते 'प्रायव्हेट' केलं: बाबा रे, आपण एस.टी. स्टँडवर नाही, घरात आहोत.
शेअरिंग चालू केलं.
फायरवॉलला सांगितलं, खालची माणसं आपलीच.
हे लिहिताना सोपं वाटतंय.
बंद करून परत चालू केलं, दोनदा.
ऑफलाइन.

काळी खिडकी उघडली, नावानं हाक मारली:
आप्पा.
असं कोणी सापडत नाही, म्हणाली.
राउटरच्या यादीतला आकडा घेऊन मारली:
एकशे ब्याण्णव, एकशे अडुसष्ट, एक, सात.
चार पाठवले, चार पोचले, हरवलं काही नाही,
दोन मिलिसेकंदांत उत्तर.
एवढ्या लवकर या घरात
कुणी कुणाला ओ देत नाही.

त्याच आकड्यासमोर नाव होतं 'दिग्विजय'.
तेव्हा कळलं.
मशीन आणलं तेव्हा दुकानदारानं विचारलं होतं, नाव काय घालू,
आणि सासरे, स्वतःचंच विचारतोय समजून, म्हणाले, आप्पा.
ते गेल्यावर भाऊजींनी बदललं असणार.
त्यांचं चुकलं असं नाही. मशीन त्यांचं.
पण माझा संगणक दीड महिना
रोज कागद घेऊन आप्पांच्या दाराशी जात होता,
आणि परत येऊन मला सांगत होता,
घरात कोणी नाही.

पोर्टवरचं नाव खोडलं. दिग्विजय लिहिलं.
हात जरा थांबला, खोटं कशाला बोलू.
मग ओके.

खाली घरघर सुरू झाली.
तीन पानं व्हायला पाहिजेत.
पाच झाली, सात झाली,
आणि माझ्या पोटात खड्डा पडला.
रांगेत सगळ्यात पुढं पाडव्याचं काम होतं:
गाळा विकायचा वकिलाचा मसुदा,
तीन पानी, सहा प्रती.
रागात दाबलं होतं बटण, प्रिंटर कुणाच्या खोलीत आहे ते विसरून.
दुसऱ्या दिवशी डिलीटही केलं होतं,
ते 'डिलीटिंग' म्हणत तसंच बसून राहिलेलं.

अनवाणीच जिना उतरले.
निम्म्यात उज्ज्वला वर येताना भेटली,
हातात तीन चलनं, कडा जुळवून.
"अक्का, एवढीच तुमची न्हवं?
बाकी अठरा पानं आलीत, ठेवून घेतली मी.
पाठकोरी हायत. हर्षूला चित्रं काढायला चालतील."
जिन्यात दिवा नव्हता. तिचा चेहरा मला दिसला नाही,
माझा तिला दिसला का, माहीत नाही.

टेम्पो वेळेत गेला.

तेव्हापासून हर्षू मधनंच वर येतो,
चित्र देतो, चुरमुऱ्याचा लाडू नेतो.
ट्रॅक्टर, रंकाळ्यातली बदकं,
एक लेथ, तिला डोळे काढलेले.
मी ती फ्रीजवर लावते, छापील बाजू आत.
आजपर्यंत अकरा आली.
सात अजून खाली आहेत.