पंधरा टक्के

कुपवाडच्या एमआयडीसीत, पेंडीच्या गोदामामागे
आमची प्रयोगशाळा: दोन खोल्या, एक धुरांडं,
आणि खिडकी लावली तरी आत येणारा सरकीचा वास.
इथून जवळची तेलविहीर कुठली, असं कुणी विचारलं
की मी हसते.
आमच्या पायाखाली नुसता काळा कातळ.
बाकी सगळं पार्सलनं येतं:
काकिनाड्याहून चुनखडीच्या गोल कांड्या,
भुजहून बेंटोनाइटचं पोतं,
पाइपातून कापलेल्या, रुपयाएवढ्या
पोलादाच्या टिकल्या.

सकाळी मी चिखल करते.
आई फोनवर विचारते, काय चाललंय?
चिखल.
एवढं शिकून?

फनेलखाली बोट धरायचं, बोट काढायचं, घड्याळ बघायचं.
पाणी सव्वीस सेकंदांत पळून जातं.
चांगला चिखल पंचेचाळीस घेतो,
निघते निघते म्हणत उंबऱ्यावर बोलत राहिलेल्या बाईसारखा.
त्याला वजन हवं, म्हणजे खालचा वायू दबून राहील.
त्याला धीर हवा, म्हणजे पंप बंद पडला तरी
दगडाचा चुरा त्याच्या हातून सुटणार नाही.
आणि भोकाच्या भिंतीवर तो साय धरतो,
पातळ, चिवट,
विहीर आपल्याच अंगातून गळू नये म्हणून.

दुपारी मी त्याच सायीच्या जिवावर उठते.
आम्ल. पंधरा टक्के.
कांडीवर सोडलं की फसफस,
आणि आत वाळवीनं कोरावी तशी वाट.
तीच तर हवी असते.
फक्त आम्लाला कळत नाही
दगड कुठला आणि लोखंड कुठलं.

म्हणून हळद.
कुंभोजकर मॅडमना हे सुचलं मार्केट यार्डात, सौद्याच्या दिवशी,
पॉलिशच्या ड्रमातला भुगा पोत्यानं बाहेर पडताना बघून.
सुरुवातीला चुकून तो चिखलात पडला.
चिखल अल्कलीचा. लालभडक झाला.
शमशाद म्हणाली, ताई, चिखलाचं लग्न लागलं.
आम्लात मात्र हळद पिवळीच राहते
आणि पोलादाला जाऊन बिलगते.
साठ अंश, सहा तास.
टिकली धुतली, वाळवली, तोलली.
हळदीविना शंभरावर मिलिग्रॅम गेले होते,
हळदीसोबत नऊ.
त्या दिवशी आम्ही तिघींनी भडंग खाल्लं, पिवळ्याच हातांनी.

रविवारी हरिपूरला गेले.
जिनाप्पा कुडचे पूर्वी हळदीच्या पेवात उतरायचे.
तोंड उघडलं की दिवसभर तसंच ठेवायचं, ते सांगतात.
मग दोरीनं कंदील सोडायचा.
विझला तर उतरायचं नाही,
मुकादम किती का बोंबलेना.
एकदा एक जण उतरला होता.
त्याच्यापुढं ते काही सांगत नाहीत,
तंबाखू मळत बसतात.

मी त्यांना माझं सांगितलं:
तीन हजार मीटर खोल, तोंड हातभर.
कंदील कुठवर जातोय?
कंदील नसतो, मामा. वर आलेला चिखल बघायचा.
हलका झाला, बुडबुडे आले, की समजायचं.
बराच वेळ त्यांनी नदीकडं बघितलं.
म्हणजे तुमचा कंदील खालनं वर येतोय म्हणा.

काल रात्री एकशे वीस अंशांचा प्रयोग होता.
जाड भांडं, बोल्ट आवळून बंद केलेलं.
सकाळी उघडलं तर टिकलीवर खड्डेच खड्डे,
कडा कुरतडलेली,
आणि तळाशी हळदीचा काळा गाळ.
शमशादनं ती दोनदा तोलली,
मीही तोलली एकदा, काटा शून्यावर आणून.
मॅडम, अहवालात काय लिहू?
जे तोललंस ते.

मी लिहिलं: साठ अंशांना चालते.
त्याखाली, त्याच पानावर:
एकशे वीसला उतरू नये.

मॅडमनी 'उतरू नये' खोडून
'शिफारस नाही' केलं.
बरोबरच आहे.
माझ्या वहीत मात्र मी तसंच ठेवलंय.