हातांनी शिकणारा

पहिल्याच आठवड्यात ऑकरलंड बाईंनी फॉर्म वाटला.
वीस प्रश्न, चार रकाने:
तुम्ही डोळ्यांनी शिकता, कानांनी, वाचून, की हातांनी?
माझी बेरीज हातांकडे गेली.
बरं वाटलं. इतकी वर्षं नापास होण्याला
शेवटी एक नाव मिळालं.

सहाव्या आठवड्यात त्याच बाई म्हणाल्या,
यात फारसं तथ्य नाही हं,
बहुतेक सगळे सगळ्यानेच शिकतात.
आणि फळ्यावर निबंधाचा विषय लिहिला:
व्हिडिओ गेममधली हिंसा हिंसा शिकवते का?
आठशे शब्द. रविवारी रात्री बाराच्या आत.

आज रविवार. साडेदहा.
इश्पेमिंगच्या रस्त्यावरून बर्फ ढकलणारा ट्रक
दुसऱ्यांदा गेला, काच थरथरली.
तळघरात मी आणि खोकणारा हीटर.

गेम माझा हिशेब ठेवतो, पडद्याच्या कोपऱ्यात:
अकरा हजार चारशे बारा.
इतकी माणसं पडली या अंगठ्याखाली.
म्हणजे आमचं गाव, जवळजवळ दोनदा.

मग हातांनी शिकणाऱ्याचे हात काय शिकले?
दार उघडण्याआधी थांबायला.
उरलेल्या गोळ्या न बघता मोजायला.
कोण येतंय ते पावलांवरून ओळखायला.
नाही, हे खोडतो.
हे गेमच्या आधीचं.
जिन्यावर वडिलांचे बूट कसे वाजतात
त्यावरून रात्र कशी जाणार
हे मला शाळेत जायच्या आधीच कळायचं,
तेव्हा घरात टीव्हीसुद्धा धड नव्हता.
त्याचा रकाना फॉर्मवर नव्हता.

नोव्हेंबरात आर्वो मामा हरणाच्या शिकारीला घेऊन गेला.
पहाटे पाच, थर्मासमधली कॉफी,
दोन तास कोणी बोललं नाही.
गेममध्ये इतका वेळ मी कधीच थांबलो नव्हतो.
मग तो आला, पाय जपून टाकत, शिंगांवर भुरभुर बर्फ,
आणि माझा नेम, खरं सांगतो, चांगला लागला.
मामा म्हणाला, शाब्बास. आता हात घाल.
पोट उघडलेलं. वाफ निघत होती.
बाहेर नाकातले केस गोठत होते
आणि आत, कोपरापर्यंत,
आंघोळीच्या पाण्याइतकं ऊन.
माझ्या अकरा हजारांतला एकही
असा ऊन नव्हता.
हात थरथरायला लागले. मामाने पाहिलं,
आणि झाडांकडे तोंड करून
आधीच स्वच्छ असलेली सुरी पुसत राहिला.

हे आठशे शब्दांत कुठे बसवू?
संशोधन काय म्हणतं ते लिहून झालंय:
कोणी हो म्हणतं, कोणी नाही,
कोणी म्हणतं थोडंसं, थोडा वेळ.
तळटिपा दिल्यात. बाईंना तळटिपा आवडतात.

मघाशी वर गेलो, रूबेनवर पांघरूण घालायला.
बारा वर्षांचा आहे.
झोपेत त्याचा अंगठा उशीवर हलत होता,
दाब, सोड, दाब.
मी म्हटलं, चला, निबंधाला पुरावा मिळाला.
तेवढ्यात परत फिरताना
वरची पायरी माझ्याच बुटाखाली करकरली
आणि अंगठा थांबला.
डोळे न उघडता तो भिंतीकडे सरकला,
होता होईल तेवढा लहान झाला.

वडील तीन वर्षांपासून डुलुथला राहतात.

पावणेबारा. निबंध पाचशे बारा शब्दांवर अडलाय.
मी बूट काढून ठेवलेत.
पुन्हा वर जाईन तेव्हा
कडेकडेने जाईन, भिंतीला धरून,
जिथे लाकूड वाजत नाही.