स्पीडचा स्क्रू

'चालू कंडिशन' असं लिहिलं होतं फोटोखाली.
चालू म्हणजे लाल दिवा लागत होता,
बाकी काही नाही.
भरूचच्या कुण्या माणसानं तीन हजार चारशेला विकला,
लहान पोरीच्या फ्रॉकमध्ये गुंडाळून पाठवला.
कुरिअरवाला आमच्या गावात येत नाही.
लाखांदूरच्या स्टँडवर, रसवंतीच्या काउंटरमागून
मी तो उचलला, गाडीच्या टाकीवर ठेवून आणला.
वाटेत तिघांनी विचारलं, कोणाची मोटर जळली?

मी मोटरा भरतो. पाच एचपी, साडेसात एचपी.
वार्निशच्या जळक्या वासावरून सांगतो
फेज गेला होता की पाणी शिरलं होतं.
पण याचं पोट उघडलं तर
रबरी पट्ट्यांची काळी काकवी झालेली,
तीन दिवस नखांतून निघाली नाही.
बायको म्हणाली, त्या हातानं भात नोको कालवू.

सेलच्या घरात हिरवं मीठ फुटलेलं, त्यावर लिंबू घासलं.
हेडवर स्पिरिटचा बोळा.
एरियल मोडका, तिथं सायकलचा आरा.
आवाजाचं बटण फिरवलं की लाह्या फुटायच्या,
त्या अजूनही फुटतात, थोड्या.

कॅसेट गावात एकच उरलेली,
मंडईच्या रात्रीच्या नाटकाची.
कोणीतरी टेप विंगेत ठेवून दिला होता,
म्हणून राजा लांबून ऐकू येतो,
राणीचे नुसते पैंजण,
आणि कानाशी, अगदी कानाशी
प्रॉम्प्टर रेवाराम,
ज्याला दीडशे रुपये मिळायचे
कोणाला ऐकू न येण्याचे.

मोटरच्या बुडाला एक भोक असतं, भोकात स्क्रू.
उजवीकडं पाव फेरा, रेवाराम सातवीतला पोरगा.
डावीकडं पाव फेरा, रेड्यावर बसलेला यम.
मधे कुठंतरी तो आहे.
तो गेला तेव्हा मी नऊ वर्षांचा,
मला त्याची सायकल आठवते, आवाज नाही.

भागरताकाकूला बोलावलं.
ती तेंदूच्या फळीवरून तशीच आली,
बोटं पानांच्या चिकानं काळी, माझ्यासारखी.
पायरीवर बसली.
"नाही जी. अजून खाली."
मी खाली घेतला.
"एवढा नाही. तो का म्हातारा झालता?"
मी केसभर वर घेतला.

आता रड, रेवाराम म्हणाला.
रड ना. लोक बसले आहेत.
आणि लांब कुठंतरी राणी रडायला लागली.

काकू मान वाकडी करून ऐकत होती,
बाजारात मडकं वाजवून बघावं तशी.
"हा. इथंच ठेव.
त्या रात्री त्याले सर्दी होती.
सुंठ बांधून देल्ली होती मी, खाल्ली नाही."
मग खरा आवाज? मी विचारलं.
"खरा याच्याहून बारीक.
पण याच्यात सर्दीचाच आहे ना?
तसाच राहू दे."

पोरीचं नेलपॉलिश मागून आणलं,
एक लाल थेंब स्क्रूवर, हलू नये म्हणून.

रात्री आठला थ्री फेज आली
आणि चुलबंदच्या काठानं, उन्हाळी धानावर,
मी भरलेल्या साऱ्या मोटरा एकदम उठल्या.
बल्ब पिवळा झाला.
रेवाराम बसत गेला, बसत गेला,
राणीला पुरुषाचा गळा फुटला,
शेवटी नुसती घरघर.
"आता काय झालं त्याले?"
व्होल्टेज, मी म्हणालो.
तुमचाही पंप सुरू झाला असेल.
ती काही बोलली नाही, चपला शोधल्या.

सकाळी दुकान उघडायच्या आधीच उभी,
ओच्यात काहीतरी जड.
मोठे सेल, निळ्या कागदाचे.
"सहा लागतात म्हणे. चारच भेटले.
दोन बुधवारच्या बाजारातून आणतो मी.
तंवर त्याले बोलाऊ नोको."