चिंच

मुंढव्याच्या पुलाखाली, पावणेतीनला,
ढमढेरे मॅडम म्हणाल्या, जीभ काढ.
कांडी फिरवली. कोरडीच.
सोळा तासांची ड्युटी, तोंडात थेंब नाही.
'मॅडम, पाणी?'
'टेस्टआधी चालत नाही.'

गेल्याच महिन्यात स्वारगेटला
थुंकलो म्हणून पावती फाडली होती.
आज थुंकीच मागतायत, तर निघेना.

मागच्या सीटवर कंपनीची पोरगी
घड्याळ बघते, मग मला.

मॅडमनी कांडी धरूनच ठेवली.
हळूच म्हणाल्या, 'चिंच आठव.'

सासवडची, शाळेमागची,
वहीच्या कागदात मीठ बांधून नेलेलं…

आता आठ मिनिटं.
टॉर्चच्या उजेडात वाकून
एका रेघेची वाट बघतोय
आणि तोंडाला सुटलेलं पाणी गिळतोय,
दोघंही.